‘तारा’ नावाचं घर कुठंसं आहे हो?

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाऊन आलेल्या बायकांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. डिंकाचे लाडू बॅगेत कसे बसवले, विमानतळावरच्या साहेबानं बाळंतशोपांची पुडी कशी हुंगून बघितली, बिनधुराची शेकशेगडी कशी जमवली, वगैरे वगैरे. या सगळ्या गोष्टी माझ्याकडेही आहेत, पण त्या पुन्हा केव्हातरी. आज तुम्हाला मी एका घराकडे नेणार आहे. जगातल्या कोट्यवधी बायकांनी ते डोळे भरून पाहिलंय, आणि तरीही ते घर या पृथ्वीच्या पाठीवर कधी नव्हतंच!

कोडं वाटलं ना? थांबा, उलगडून सांगते.

माझी लेक अटलांटाला राहते. अमेरिकेच्या दक्षिण भागात जॉर्जिया नावाचं राज्य आहे, त्याची ही राजधानी. लेकीची तिकडं बदली झाली तेव्हा नाव ऐकल्याबरोबर मला आठवला तो ‘गॉन विथ द विंड’! कॉलेजात असताना आम्ही चौघी मैत्रिणींनी मॅटिनीला हा सिनेमा बघितला होता. जवळजवळ चार तासांचा सिनेमा, त्यातलं निम्मंअधिक इंग्रजी डोक्यावरून गेलेलं. पण ती हट्टी, देखणी, हिरव्या डोळ्यांची स्कार्लेट, तिचं ते ‘तारा’ नावाचं पांढरंशुभ्र घर, पेटलेलं अटलांटा शहर, आणि हातात पैसा नाही म्हणून खिडकीचे मखमली पडदे उतरवून त्यांचाच झगा शिवून ऐटीत निघालेली ती बाई, हे सगळं अगदी मनात रुतून बसलं. पुढं कितीतरी दिवस कुणी आईच्या जुन्या साडीचं काही नवं शिवलं, की आम्ही तिला ‘आली बघा स्कार्लेट’ म्हणायचो.

आणखी एक जण लक्षात राहिली होती. स्कार्लेटला लहानाची मोठी करणारी, तिच्यावर डाफरणारी, तिच्या कंबरेचे बंद आवळून बांधणारी धिप्पाड मॅमी. तिला बघून मला आमच्या माहेरच्या मावशी आठवल्या होत्या. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत बरं का. आमच्याकडे धुणंभांडी करायच्या नि आम्हा भावंडांना सांभाळायच्या, त्या. तेव्हा ती आठवण मला फार गोड वाटली होती. आता ती तितकीशी गोड राहिलेली नाही. का, ते पुढं सांगतेच.

लाल मातीच्या गावी

२०२४ च्या ऑक्टोबरात नातू मान धरायला लागला, तसं जावईबापू म्हणाले, “आई, आज मी बघतो बाळाकडे. तुम्ही दोघी जरा फिरून या.” असा जावई सगळ्यांना मिळो! मी लेकीला म्हटलं, “मला मॉल नको नि बीच नको. मला ‘तारा’ दाखव.”

कादंबरीत हे घर अटलांटाच्या दक्षिणेला, जोन्सबरो गावाजवळ आहे. अटलांटा शहरापासून गाडीनं अर्ध्या तासाचं अंतर. वाटेत रस्त्याच्या कडेची माती बघून मी लेकीला गाडी हळू घ्यायला लावली. अगदी आपल्या कोकणासारखी तांबडीलाल माती! कादंबरीत या मातीचं इतकं वर्णन आहे, की स्कार्लेटचा जीव माणसांपेक्षा तिच्यातच जास्त अडकलाय असं वाटतं. याच मातीत पूर्वी कापूस पिकायचा. तो पिकवायला आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या पिढ्यान् पिढ्या गुलाम म्हणून राबायच्या. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेच्या उत्तरेची आणि दक्षिणेची आपापसांत लढाई झाली, तिच्या मुळाशी ही गुलामगिरीच होती. दक्षिण हरली, गुलाम मोकळे झाले, आणि बड्या जमीनदारांचं ते ऐषारामाचं जग वाऱ्यावर उडून गेलं. सिनेमाच्या नावातला वारा तो हाच.

जोन्सबरोला १८६७ साली बांधलेलं रेल्वेचं जुनं स्टेशन आहे. त्यात आता या कादंबरीचं नि सिनेमाचं लहानसं संग्रहालय केलंय. तिथल्या बाईंना मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, “तारा कुठंसं आहे हो?” त्या हसल्या. म्हणाल्या, “येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. तारा कुठंच नाही!”

ऐका आता गंमत. सिनेमातली तारा म्हणजे तीन-साडेतीन हजार किलोमीटर दूर, कॅलिफोर्नियात, स्टुडिओच्या मोकळ्या जागेत उभा केलेला नुसता दर्शनी भाग! पुढून घर, मागून लाकडाचे टेकू. दार उघडून आत जावं तर आत काही नाही. आतल्या खोल्यांचे प्रसंग वेगळ्या सेटवर घेतलेले. आपल्याकडे गणपतीत देखाव्याचा राजवाडा उभा करतात ना, तशातली गत. आणि ते पेटलेलं अटलांटा? १० डिसेंबर १९३८ च्या रात्री स्टुडिओतले जुने सेट पेटवून दिले, त्यात आधीच्या ‘किंग काँग’ सिनेमातली भलीथोरली भिंतसुद्धा जळाली, आणि तेच आपण अटलांटा म्हणून पाहिलं. त्या वेळी नायिका कोण हेसुद्धा पक्कं नव्हतं. ती आग बघायला आलेल्या व्हिव्हियन ली नावाच्या इंग्रज नटीची निर्माता सेल्झनिक यांच्याशी तिथंच गाठ पडली नि पुढं स्कार्लेट तिलाच मिळाली. ही व्हिव्हियन ली जन्मली कुठं ठाऊक आहे? आपल्या दार्जिलिंगला, १९१३ साली!

कादंबरीतलं घर सिनेमातल्याइतकं देखणंही नाही. विटांचं, चुना फासलेलं, लागेल तशा खोल्या जोडत वाढवलेलं, ऐसपैस पण ओबडधोबड. लेखिकेचे पणजोबा आयर्लंडहून येऊन याच मुलखात शेतीवाडी करून राहिले होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून तिनं लढाईच्या गोष्टी इतक्या ऐकल्या, की आपली बाजू हरली हे तिला दहा वर्षांची होईपर्यंत ठाऊकच नव्हतं, असं ती पुढं सांगत असे. सिनेमातली तारा मात्र स्टुडिओत तशीच कुजत पडली. १९५९ साली तिचे भाग सुटे करून जॉर्जियात आणले. त्यातला पुढचा दरवाजा दुरुस्त करून अटलांटात लोकांना बघायला ठेवला होता. नसलेल्या घराचा दरवाजा तेवढा खरा!

माझा चेहरा पडलेला बघून लेक म्हणाली, “आई, तारा नाही, पण जिथं बसून ती कादंबरी लिहिली ते घर आहे की.” आणि आम्ही पुन्हा अटलांटाच्या वाटेला लागलो.

दोन खोल्यांचं बिऱ्हाड

पीचट्री हा अटलांटाचा मुख्य रस्ता. त्याच्या नि दहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, उंच उंच काचेच्या इमारतींच्या मधे, लाल विटांचं एक जुनं घर अंग चोरून उभं आहे. मूळ घर १८९९ सालचं, १९१९ साली त्याची दहा बिऱ्हाडं केली. खालच्या मजल्यावरच्या एक नंबरच्या बिऱ्हाडात १९२५ ते १९३२ पर्यंत मार्गारेट मिचेल नवऱ्याबरोबर राहत होती. ती या जागेला प्रेमानं काय म्हणायची माहीत आहे? ‘उकिरडा’!

मुंबईतल्या चाळीतल्या डबलरूमची आठवण व्हावी इतकीच ती जागा. पण तिची गोष्ट ऐकाल तर तुम्हालाही ही बाई आपलीशी वाटेल.

मार्गारेटचा जन्म अटलांटातला, १९०० सालचा. लहानपणापासून लिहायची हौस. पहिलं लग्न फसलं. मग तिनं वर्तमानपत्रात बातमीदाराची नोकरी धरली, आणि १९२५ साली जॉन मार्श यांच्याशी दुसरं लग्न केलं. वर्षभरात घोट्याचं दुखणं उलटलं नि नोकरी सोडून घरात बसायची पाळी आली. आता बसल्या बसल्या करायचं काय? तर वाचायचं! नवरा बिचारा लायब्ररीतून पुस्तकांचे भारेच्या भारे आणी. शेवटी तो कंटाळला. एके दिवशी पुस्तकांऐवजी जुना टाइपरायटर घेऊन आला नि म्हणाला, लायब्ररीतलं सगळं तुझं वाचून झालं, आता तूच एक पुस्तक लिही कशी.

आणि तिनं खरंच लिहिलं! आधी शेवटचं प्रकरण, मग सुचतील तशी बाकीची. एकेक प्रकरण मोठ्या लिफाफ्यात घालून ठेवायचं. कुणी भेटायला आलं की टाइपरायटरवर टॉवेल टाकून झाकायचं. हे वाचल्यावर तर मला हसूच आलं. दाराची बेल वाजली की आपणही कविता लिहिलेली वही उशीखाली सरकवतोच की! “काय लिहीत होतीस?” असं कुणी विचारलं तर “वाण्याची यादी” म्हणून सांगायचं. बायकांचं लिहिणं टॉवेलाखाली, हे जगभर सारखंच दिसतंय.

१९३५ साली मॅकमिलन कंपनीचे एक संपादक नवीन पुस्तकांच्या शोधात अटलांटाला आले. आधी तिनं आपल्याजवळ काही नाहीच म्हणून सांगितलं. मग कुणीतरी डिवचलं म्हणून रागारागानं सगळे लिफाफे गोळा करून त्यांच्या हॉटेलात नेऊन दिले. ढीग एवढा, की त्या गृहस्थांना तो न्यायला नवी सूटकेस घ्यावी लागली. घरी येऊन बाईंचं मन खाऊ लागलं. तिनं तार केली, माझा विचार बदललाय, कागद परत पाठवा. नशीब, त्यांनी पाठवले नाहीत! तेव्हा स्कार्लेटचं नाव स्कार्लेटसुद्धा नव्हतं, पॅन्सी होतं.

३० जून १९३६ ला पुस्तक निघालं. १,०३७ पानं, किंमत ३ डॉलर. दिवस मंदीचे, लोकांच्या खिशात पैसा नाही, तरी सहा महिन्यांत दहा लाख प्रती खपल्या! दुसऱ्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. सिनेमाचे हक्क तर महिन्याभरातच ५०,००० डॉलरना गेले. सिनेमाच्या लिखाणात मात्र तिनं अजिबात लक्ष घातलं नाही, कितीही विनवण्या झाल्या तरी.

हजारावर पानं चार तासांत बसवायची म्हणजे काटछाट आलीच. कादंबरीतल्या स्कार्लेटला तीन लग्नांपासून तीन मुलं होतात, सिनेमात एकच ठेवली. गोऱ्यांची जी टोळी रात्री-अपरात्री काळ्या लोकांवर हल्ले करी, तिचं नाव कादंबरीत आहे, सिनेमात गाळलं. पण एक गोष्ट दोन्हीकडे जशीच्या तशी राहिली. गुलामगिरीचे दिवस म्हणजे सगळे कसे सुखानं नांदत होते, गुलामसुद्धा मालकावर जीव टाकत होते, असं एक गुळचट चित्र. आम्ही मैत्रिणींनी मॅटिनीला डोळे पुसत पुसत तेच गिळलं होतं.

ज्यांना आवतण नव्हतं

हे घर चार वर्षं बंद होतं. २०२४ च्या जुलैत ते पुन्हा उघडलं, ते नव्यानं मांडूनच. लेखिकेची गोष्ट आहेच, पण त्याचबरोबर त्या गोष्टीत कुणाला बोलू दिलं नाही, तेही आता तिथं सांगतात.

१५ डिसेंबर १९३९ ला अटलांटात सिनेमाचा पहिला खेळ झाला. राज्याच्या गव्हर्नरनी सुट्टी जाहीर केली होती. थिएटरच्या तोंडाशी खांबाखांबांचा खोटा वाडा उभा केला होता. रस्त्यावर ही गर्दी! बहुतेक मोठे नट-नट्या आले. आली नाही ती मॅमी. हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय नटीनं ते काम केलं होतं. त्या वेळच्या जॉर्जियात काळ्या नि गोऱ्यांनी शेजारी शेजारी बसायची सोय नव्हती, म्हणून सिनेमातल्या एकाही कृष्णवर्णीय नटाला त्या सोहळ्याला येता आलं नाही.

आदल्या रात्री गोऱ्या प्रतिष्ठितांचा मोठा नाच झाला. तिथं ताराच्या चित्रापुढं एका काळ्या चर्चमधली मंडळी गुलामांसारखे कपडे घालून गाणी म्हणायला उभी केली होती. त्यांत दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई त्या गाणाऱ्यांना शिकवायची. त्या मुलाचं नाव मार्टिन ल्यूथर किंग! पुढं गांधीजींच्या वाटेनं आपल्या लोकांसाठी लढला, १९६४ साली ज्याला शांततेचं नोबेल मिळालं, तोच हा. ते एबनेझर चर्च याच गावात आहे. आम्ही संध्याकाळी तिथंही गेलो. जवळच पाण्याच्या कुंडाच्या मधोमध त्याची नि त्याच्या पत्नीची समाधी आहे. तिथं मी चप्पल काढून उभी राहिले. लेक म्हणाली, “आई, इथं काढायची नसते.” मी म्हटलं, “असू दे.”

तर हॅटीचं सांगत होते. तिचे आई-वडील एके काळी गुलाम होते, आणि तिनं स्वतःही पोटासाठी लोकांच्या घरी कामं केली होती. २९ फेब्रुवारी १९४० ला तिला मॅमीच्या कामासाठी ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. पण ज्या हॉटेलात तो समारंभ होता तिथं काळ्यांना मज्जाव. तिच्यासाठी खास शब्द टाकावा लागला, आणि आत बसवलं तेही बाकीच्या नटमंडळींपासून दूर, भिंतीकडेच्या एका लहानशा टेबलाशी. तिकडं तिच्याच समाजातले लोक तिच्यावर चिडायचे, की तू सारखी मोलकरणींचीच कामं का करतेस! दुसरं काम तिला देणार तरी कोण होतं? १९५२ साली ती वारली. हॉलिवूडच्या नामांकित दफनभूमीत आपल्याला ठेवावं अशी तिची इच्छा होती, तिथंही तिला जागा नाकारली. तिनं आपलं ऑस्कर हॉवर्ड विद्यापीठाला द्यायला सांगितलं होतं, ते पुढं हरवलं. शेवटी २०२३ साली अकादमीनं त्याच्या बदली दुसरं करून दिलं.

हे सगळं लेक मला मराठीत सांगत होती. मग सांगता सांगता थांबली नि म्हणाली, “आई, लक्षात आलं का तुझ्या? एवढ्या हजार पानांत मॅमीला नावच नाही. सगळे तिला नुसतं मॅमीच म्हणतात.” आणि एकदम, “आजोळच्या त्या मावशींचं नाव काय होतं गं?”

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मला ठाऊक नव्हतं, मैत्रिणींनो. ज्या बाईनं मला न्हाऊमाखू घातलं, गोवरात माझ्या उशाशी रात्र रात्र जागून काढली, जिच्या पाठीवर बसून मी शाळेत गेले, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं! माझी आई मोठ्या कौतुकानं सांगायची, “ती काय परकी आहे? आमच्या घरातलीच.” पण घरातल्या त्या बाईचा कप मागच्या खिडकीत उपडा घातलेला असे, कान तुटका. चहा वरून ओतला जाई. माझ्या लग्नात चार दिवस राबराब राबल्या, शेवटच्या पंगतीनंतर भांडी घासून झाल्यावर मागच्या अंगणात जेवल्या. लग्नाचा अल्बम माझ्याकडे अजून आहे. शेवयांच्या पाटापासून बँडवाल्यांपर्यंत सगळ्यांचे फोटो आहेत. मावशी एकाही फोटोत नाहीत.

मॅमीला बघून मला मावशी आठवल्या होत्या, ते काही खोटं नव्हतं. पण ज्याला मी प्रेम समजत होते, ते मी फक्त आमच्या ओसरीवरून बघितलेलं होतं. मागच्या अंगणातून ते कसं दिसत असेल, हा विचार साठीनंतर, सातासमुद्रापलीकडे, एका परक्या बाईच्या दोन खोल्यांत उभं राहून मनात आला. रात्री मी भारतात थोरल्या भावाला फोन लावला. “दादा, मावशींचं नाव काय होतं रे?” तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “मावशीच की!”

दगडावरचं आडनाव

मार्गारेट मिचेलला बोल लावायला मी हे लिहीत नाही. माणूस एका बाजूनं कधीच कळत नाही. तिच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही स्वयंपाकाला नि धुण्याला काळ्या बायका येत. तिचे कपडे धुणाऱ्या बाईला कॅन्सर झाला, तेव्हा काळ्या रुग्णाला शेवटच्या दिवसांसाठी या गावात साधी खाट मिळणं किती कठीण आहे, ते तिनं जवळून पाहिलं. पुढं तिनं मोअरहाउस कॉलेजच्या काळ्या मुलांना डॉक्टर होता यावं म्हणून पैसे दिले, तेही कुठं नाव येऊ न देता. तिच्यामागं कित्येक वर्षांनी ते उघड झालं. पुस्तकात जे तिला जमलं नाही, त्यातलं थोडंफार तिनं टॉवेलाखाली झाकून केलं म्हणायचं.

दुसरं पुस्तक तिनं छापलं नाही. ११ ऑगस्ट १९४९ च्या संध्याकाळी नवऱ्याबरोबर सिनेमाला जायला म्हणून त्याच पीचट्री रस्त्यावरून पलीकडे जाताना तिला गाडीनं उडवलं. पाच दिवसांनी ती गेली. ऑकलंडच्या दफनभूमीत तिची कबर आहे. जिचं नाव जगभर झालं, तिच्या दगडावर ‘मार्गारेट मिचेल मार्श’ असं नवऱ्याच्या आडनावासकट लिहिलंय. त्याच दफनभूमीत गुलामांसाठी एक वेगळा चौक होता. १८७७ साली गोऱ्यांना जागा कमी पडायला लागली, तेव्हा तिथली माणसं उकरून काढून दुसरीकडे पुरली. त्यातल्या कितीकांना दगड नाही, अन् नावही नाही.

पहिला खेळ झाला ते थिएटर १९७८ साली जळालं, त्या जागी आता उंच मनोरा आहे. म्हणजे घर खोटं, आग खोटी, थिएटर राखेत. पडद्यांचा तो हिरवा झगा मात्र टेक्सासच्या विद्यापीठात जपून ठेवलाय म्हणतात. स्कार्लेटच्या अंगावर तो बघून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या झग्यासाठी मॅमी कशी हातभार लावत राबते, ते आता आठवतं.

तुमच्यापैकी कुणी लेकीकडे, मुलाकडे अटलांटाला जाणार असाल तर हे घर जरूर बघा. गाडीसाठी कुणाचं तोंड बघायची गरज नाही. मार्टा नावाची आगगाडी मिडटाउन स्टेशनला सोडते, तिथून चालत जाता येतं. पायांत सपाट बूट घाला, पर्समध्ये पाण्याची बाटली नि मूठभर शेंगदाणे ठेवा. कुठले वार उघडं असतं, ते आधी विचारून घ्या. आणि तेच तिकीट काढलंत तसं किंगच्या समाधीकडेही जा. दोन्ही बघितल्याशिवाय हे गाव कळत नाही.

आता शेवटचं. जानेवारीत मी परत आले. माझ्याकडे गेली बारा वर्षं एक बाई कामाला येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. ओट्यावर त्यांचा वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला मी बाजूला सारला, आमच्या नेहमीच्या बशीकपात चहा ओतला नि म्हटलं, “बसा. आज दोघी मिळून घेऊ.” त्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, “वैनी, माझा पेलाच बरा. ह्याच्यात घोटभर तरी मावतो का?”

आता काय बोलणार! मी मुकाट्यानं पेला भरला. पण बसल्या त्या, खुर्चीवर, माझ्यासमोर. मी विचारलं, “बारा वर्षं मी तुम्हाला नुसतं बाईच म्हणतेय. तुमचं नाव काय हो?” त्यांनी सांगितलं. माहेरचं वेगळं आहे, सासरचं वेगळं. माहेरचं त्यांना जास्त आवडतं. ते नाव मी इथं छापत नाही, कारण हा लेख लिहितेय म्हटल्यावर त्यांनी बजावलं, “पेपरात नको हं, माझी जाऊ वाचती.”

मावशींचं नाव मात्र मला अजून सापडलेलं नाही. माहेरच्या गावी दोन जुन्या शेजाऱ्यांना विचारून झालं, तिसरीचा पत्ता मिळालाय. मॅमीचं नाव तर कादंबरीतच नाही, ते आता कुणाला विचारणार? पण तुमच्या ओट्याशी रोज सकाळी जी उभी असते, तिला विचारायला काय हरकत आहे? उद्या सकाळीच विचारा.